मुंग्यांची न्याहारी

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी कपातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. आयुष्यात मी चुका लय केल्या हो, पण मुंग्यांनी मला एवढं बनवावं?

आमचे मालक रोज सकाळी मुंग्यांना चिमूटभर साखर घालायचे. गेल्या वर्षी ते गेले. मागं राहिली मी, सून शोभा, त्यांची लाडकी म्हैस चंद्री आणि तिच्या वैरणीपुरतं कडवळ. साखर मी चालू ठेवली. त्यांच्या हातचं तेवढंच तर उरलं होतं!

एक दिवस शोभा कडवळातनं ओरडत आली, "आवं आत्याबाई, पानांमागं मावा पडलाय! बारक्या हिरव्या उवांगत! कोपऱ्यातली पानं पिवळी पडाय लागल्यात. फवारा मारूया."

"मुंग्या मरतील की गं! ह्यांच्या मुंग्या हायत त्या."

जाऊन बघते तर काय? मुंग्यांची रांगच्या रांग कडवळाच्या ताटांवर चढलेली, थेट माव्यापर्यंत! माझे डोळे भरून आले. मालकांच्या साखरेला जागल्या बिचाऱ्या, मावा खायला निघाल्या! मग काय, चिमटीची मी मूठ केली. राबणाऱ्याला पोटभर न्याहारी नको? लाल, ठिपक्यांचे ढालकिडे त्यांच्या वाटेत आले, तर तेही वेचून लांब फेकले!

महिन्याभरात सगळ्या कडवळावर पिवळे पट्टे. वाढच खुंटली. शेजारचे सुभेदार भाऊजी, फौजेतनं आलेले, भिंग घेऊन पानावर वाकले.

"वैनी, ह्यो मावाच रोग फिरवतोय, ह्या पानावरनं त्या पानावर. आन् मुंग्यांनी काय केलं, म्हाईत हाय?"

"मावा खाल्ला?"

"खाल्ला? राखला! माव्याच्या अंगातनं गोड पाणी येतं, त्येची धार काढत्यात त्या. ढालकिडं मावा खाया आलं, त्येंना हाकललं. आन् तुमी दुश्मनाच्या सेंट्रीला राशन दिलंसा!"

शोभा पदराआड हसली. मीही हसले. मग गोठ्याकडं नजर गेली. चंद्रीची गव्हाण रिकामी!

विकतची वैरण किती दिवस पुरणार? चंद्रीला शिराळ्याला लेकीकडं धाडायचं ठरलं. टेम्पोत चढेचना! शेवटी मालकांचा जुना सदरा तिच्या नाकाशी धरला. हुंगत हुंगत चढली बिचारी. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता एकच घोर आहे. वर गेल्यावर मालक पहिलं चंद्रीचंच विचारणार. काय सांगू? तुमची म्हैस दारातनं घालवली, पण मुंग्यांच्या म्हशी काय पोसल्यात म्हणता!