आवडाबाईनं अजबखाना येऊ दिला नाही

आवडाबाई कुणाशी गोड बोलल्याचं आमच्या गावात कुणाला आठवत नाही. गिऱ्हाईकानं वांगं दाबून पाहिलं की ती ते हातातून हिसकून घ्यायची. "घ्याचं त घ्या, नाईतं पुढं व्हा. थे वांगं हाय, तुमचा जावई नाई." तरी तिच्यापुढे माणसं उभी राहायची, कारण तिच्या बागेतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, संध्याकाळपर्यंत मान टाकत नसे.

वाशीमच्या मुलखातलं आमचं गाव तेव्हा नुकतंच स्वतःला शहर म्हणवू लागलं होतं. जिनिंगचा भोंगा होता, इंग्रजी शाळा होती आणि नगरपालिका होती. तिला सगळे कमेटी म्हणत. नाल्याच्या काठानं माळ्यांच्या बागा होत्या, पण जमीन कमेटीची. माळी ती पिढ्यान्‌पिढ्या मक्त्यानं करत आले होते. आवडाबाईचा नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. दीर हिरालाल दम्याचा, चार पावलं चालला की बसायचा. म्हणून बाग दोघी जावाच ओढत. आवडाबाई विहिरीच्या उतरत्या धावेवर बैल हाकायची, मोट वर आली की प्रयागबाई खाली वाफ्यांत पाणी फिरवायची. दिवसभर दोघींच्या हाका एकमेकींना चालू असत. आवडाबाईच्या शिव्या निमूट ऐकून घेणारं गावात एकच माणूस होतं, ते प्रयागबाई.

साल पस्तीसच्या सुमाराला कमेटीत एक विषय निघाला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शहरात हौशी मंडळींनी चालवलेलं एक संग्रहालय होतं. जुन्या मूर्ती, ताम्रपट, तलवारी, पेंढा भरलेला वाघ. ज्या बंगल्यात ते होतं तो मालकानं परत मागितला. जे शहर चांगली जागा देईल आणि इमारत बांधील तिथे सगळं सामान हलवायचं, असं त्या मंडळींनी ठरवलं. दोन-तीन शहरं पुढे आली होती. आमच्या कमेटीतले मारोतराव म्हणाले, आपणही मागू. मारोतराव मोठे जमीनदार, वाडवडलांपासून गावात त्यांचा शब्द चालायचा. नागपूरला अजब बंगला आहे तसा आपल्याकडे अजबखाना झाला तर लोक आगगाडीनं जऊळक्याला उतरून इकडे येतील, गावाचं नाव होईल, असं त्यांचं म्हणणं. काही सभासद म्हणाले, आधी नळ आणा. महिना-दोन महिने गावात दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा दोन तट पडले.

जागा मात्र मारोतरावांनी मनाशी ठरवून टाकली होती. नाल्याकाठची, सपाट, सडकेला लागून. म्हणजे आवडाबाईची बाग आणि तिच्या शेजारच्या दोन.

संग्रहालयाचे चिटणीस जागा पाहायला आले, तेव्हा आवडाबाई धावेवर होती. मारोतराव, कमेटीचे दुसरे सभासद रतनसिंग आणि धोतरावर कोट घातलेले ते चिटणीस मेथीच्या वाफ्यातून चालत आले.

"वाफ्यातून बाहेर व्हा," आवडाबाई वरून ओरडली.

"आवडाबाई, जरा बैल उभे कर. काम हाय," मारोतराव म्हणाले.

"मले बी काम हाय. बोला तसेच."

बैल मागे-पुढे होत राहिले, मोट रिकामी होत राहिली, आणि मारोतरावांना पाण्याच्या आवाजावरून ओरडून बोलावं लागलं. जागा गावासाठी लागते आहे, माळ्यांना नाल्यापलीकडे दुसरी देऊ, असं ते म्हणाले.

"नाल्यापलीकडं मुरूम हाय. तिथं तुमी मेथी लावून दाखवा, मंग मी येतो."

चिटणीस सभ्य माणूस होते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाई, तुमच्याच गावची एक फार जुनी शिळा आमच्याकडे आहे. सात जलदेवता कोरलेली. ती परत तुमच्या गावात येईल."

खाली वाफ्यात वाकलेली प्रयागबाई ताठ उभी राहिली.

ती शिळा याच विहिरीतली. सासऱ्यानं विहीर खोल केली तेव्हा गाळात सापडली होती. सात बाया हातात हात घालून उभ्या, म्हणून माळिणी तिला साती आसरा म्हणू लागल्या. विहिरीच्या काठावर बसवून तिला शेंदूर लावत, नवी लेकुरवाळी आधी तिच्या पाया पडे. मग संग्रहालयाची माणसं आली आणि मारोतरावांच्या वडलांनी गाडीत घालून ती देऊन टाकली. माळ्यांना कुणी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षांत प्रयागबाईची दोन लेकरं पाठोपाठ गेली आणि मग कूस उजवली नाही. आसरा रुसल्या, असं तिच्या मनानं घेतलं ते कायमचं.

आवडाबाईनं आता बैल उभे केले. ती धावेवरून उतरून चिटणिसांसमोर आली.

"आमच्या आसरा तुमी आनसान, त आमी शेंदूर लावाचा का?"

चिटणीस अडखळले. "नाही, हात लावता यायचा नाही. काच असते. पण बाहेरून दर्शन..."

"नारळ फोडाचा का?"

"इमारतीत तसं चालत नाही, बाई."

"ऐकलं का प्रयागा?" आवडाबाई जावेकडे वळली. मग मारोतरावांकडे. "तुमच्या बापानं आसरा नेल्या. आता तू बाग नेतं, अन्‌ माह्याच बागीत माह्याच देवीले कुलूप लावतं? निघ अठून."

तुमचं तू झालेलं मारोतरावांनी ऐकलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "जमीन कमेटीची हाय, ध्यानात ठेव," एवढं बोलून ते निघाले. जाताना ते पुन्हा मेथीतूनच गेले.

दिवस मावळायच्या आत जावांचं भांडण लागलं. प्रयागबाई प्रथमच उलटून बोलली.

"येऊ दे त्यायले. काचेतून का होईना, पाह्यले त भेटन."

"अन्‌ खाशीन काय? काच?"

"तुले नथ्थू हाय. तुले काय समजते?"

नथ्थू हा आवडाबाईचा मुलगा, तेव्हा लग्नाला आलेला. आवडाबाईच्या तोंडून शब्द निघून गेला, "माहा नथ्थू जगला त आसरा नेल्यावरच जगला." प्रयागबाई घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

कमेटीची बैठक ठरली. त्यात मागणी करायची की नाही याचा निकाल व्हायचा होता. बायकांना तिथे कोण विचारतो? आवडाबाईनं दुसरा रस्ता धरला. ती माळीवाड्यात घरोघर फिरली. विनवणी तिला येत नव्हती. ती धमकावूनच बोलली. आज माझी बाग, उद्या तुमची. बैठकीच्या आठवड्यात बाजारात एक पाटी जाता कामा नये. मग ती केनवडच्या बाजाराला गेली आणि तिथल्या माळ्यांनाही सांगून आली, आमच्या गावात गाडी आणाल तर माझ्याशी गाठ आहे.

बाजाराच्या दिवशी भाजीची ओळ ओस पडली. हिरवी मिरचीसुद्धा मिळेना. वकिलांच्या घरी पिठलं, मास्तरांच्या घरी पिठलं. बायका नवऱ्यांना विचारू लागल्या, तुमचा तो अजबखाना खायचा का? काहीजण मात्र चिडले. माळिणी गावाला वेठीला धरतात, यांना हाकलूनच द्या, असं चौकात उघड बोललं गेलं. कुणीतरी आवडाबाईच्या अंगणात दगड टाकले. तिनं ते उचलून कुंपणाला लावले.

आणि त्याच दिवशी दुपारी प्रयागबाई पाटी घेऊन निघाली. पालक आणि चवळीच्या शेंगा. बाजारात भाजी नेईन, असं मारोतरावांच्या वाड्यावर तिनं कबूल केलं होतं, हे मागून कळलं. सडकेवर आवडाबाईनं तिला गाठलं.

"कुठी चालली?"

"बाजारात."

"पाटी ठेव खाली."

"नाई ठेवत. अर्धी बाग माही बी हाय. मले माह्या आसरा पाह्यजे."

आवडाबाईनं पाटीला हात घातला. प्रयागबाईनं सोडली नाही. दोघी भर सडकेत ओढाओढ करत राहिल्या, माणसं गोळा झाली, आणि शेवटी पाटी उलटी झाली. मग आवडाबाईनं केलं ते गावानं कधी विसरलं नाही. तिनं तो पालक पायाखाली घेतला. स्वतःच्याच बागेतला, जावेच्या हाताने खुडलेला पालक तिनं चिखलात तुडवला. प्रयागबाई बघत उभी होती. ती रडली नाही. "तुह्यासंगं माहं बोलनं सरलं," म्हणाली आणि रिकामी पाटी उचलून घरी गेली.

बैठक झाली. मारोतरावांनी भाषण केलं. रतनसिंग आजवर त्यांच्या बाजूचे होते, पण तेच उठून म्हणाले, "इमारत बांधायले पैसा उभा करनं पडन, अन्‌ इथं माळ्यायच्या बाया सडकेवर लढून राह्यल्या. मी यात हात घालत नाई." रतनसिंग फिरले तसे आणखी दोघे फिरले. मागणी करायची नाही, असं ठरलं. संग्रहालय लांबच्या एका शहरात गेलं.

बाग राहिली. पण आवडाबाईला कुणी जिंकली म्हणालं नाही. वाणीआळीतल्या घरांनी तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं. मारोतरावांच्या गड्यांनी वरच्या अंगाचा नाला अडवून एक उन्हाळा तिची विहीर कोरडी पाडली. माळिणीही तिच्या ओळीत बसेनाशा झाल्या. बाग वाचली हे त्यांना मान्य होतं, पण आसरा आता कधीच येणार नाहीत, हेही त्या तिच्याच नावावर टाकत. प्रयागबाईनं अंगणात मातीची भिंत घातली, बागेची वाटणी मागितली आणि हिरालालला घेऊन वेगळी झाली. एका विहिरीवर आता दोन मोटा चालू लागल्या. मधे एक शब्द नाही.

आवडाबाईनं गावचा बाजार सोडला. नथ्थूला घेऊन ती बैलगाडीनं जऊळक्याला जायची आणि स्टेशनाबाहेर पाटी मांडायची. तिथेही ती तशीच होती. वांगं दाबलं की हिसकून घ्यायची. सून आली, तिच्याशीही पटलं नाही.

हिरालाल गेल्यावर प्रयागबाई आसेगावला माहेरी गेली आणि तिथून भावासोबत त्या लांबच्या शहरी जाऊन शिळा पाहून आली. परत आल्यावर गावभर तिनं सांगितलं. काच स्वच्छ होती, दिवा होता, पण शेंदूर घासून काढला होता; म्हणून पहिल्यांदा ओळखूच आल्या नाहीत. हे सगळं आवडाबाईनं भिंतीच्या अलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती आपणहून बोलली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"साती हायेत का? का एखांदी फुटली?"

प्रयागबाई दोर आवळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुले काय कराचं हाय?" ती म्हणाली आणि बैलांना हाक दिली.

 आवडाबाईनंही आपले बैल धावेवर घातले. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली आवडाबाई तापानं गेली. प्रयागबाई पोचवायला आली, इतर बायकांच्या मागे उभी राहिली, आणि तिसऱ्या दिवशी नथ्थूकडे निरोप धाडला, की तुझ्या वाट्याचे वाफे सुकायला लागले आहेत, बैल मोकळे असतील तर विहिरीवर लवकर ये.