चव्वेचाळीसच्या जागी सत्तर

मिलवॉकीचा वॉल्डो ग्रुबर जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त करत आला, पण त्याच्या स्वतःच्या तोंडाला कधी तोटी बसली नाही बाई! नातीच्या लग्नासाठी तो घरीच हलकी बिअर बनवत होता. माल्टचा उकळलेला काढा पिंपात ओतला, वरून गार पाणी घातलं, तळाच्या तोटीतून थोडा काढून गोडी मोजायची काचेची कांडी त्यात सोडली. चव्वेचाळीसच्या जागी सत्तर! एवढी गोडी आंबली तर पाहुणे नाचायच्या आधीच आडवे होणार.

माल्ट विकणारा ऑर्व्हिल तीस वर्षांचा दोस्त. वॉल्डोने त्याला फोन लावला.

"चोरा, कसला माल दिलास? लग्नात पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन!"

फोन आपटला, तशी बायको फिलिस म्हणाली, "पाणी घातल्यावर ढवळलंस का रे?"

ढवळतोय कुठला! तिने तळाशी बसलेला दाट काढा खसाखसा ढवळून पुन्हा मोजलं. कांडी चव्वेचाळीसवर शहाण्यासारखी उभी!

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" वॉल्डो आणखीच भडकला. पण फोन उचललाच.

"ऑर्व्हिल, गाढवा, चूक माझीच होती!" तो ओरडला. "आता लग्नाला आला नाहीस तर तंगडी मोडीन!"