धुक्यातला गोल

द्वारका चौकातल्या गाळ्यात संतोष शेवाळे आठवड्याचे सहा दिवस गाड्यांच्या बॅटऱ्या विकायचा. रविवारी उजाडायच्या आत मात्र तो नाशिकरोडच्या मैदानावर हजर असायचा, हातात चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन. तरुण ज्योत फुटबॉल क्लबच्या मैदानाच्या रेषा गेली तेहेतीस वर्षं तोच आखत होता.

हा क्लब घरात आणला त्याच्या वडिलांनी. देवळ्याची कांद्याची शेती भावावर सोपवून गेणूअण्णा रेल्वेत खलाशी म्हणून लागले होते. एका संध्याकाळी अनवाणी खेळणारी पोरं बघत ते मैदानाच्या कडेला थांबले. त्यांची उंची बघून कोणीतरी त्यांना गोलात उभं केलं, ते पुढची सतरा वर्षं तिथेच उभे राहिले.

संतोषला तो खेळ काही जमला नाही. तो एकोणीस वर्षांचा असताना संघाला शिकवणाऱ्या भिकासरांनी त्याला बाजूला घेतलं. ‘‘मन फार पुढं पळतं रे तुझं,’’ ते म्हणाले, ‘‘पाय मागं राहतात.’’ दोन रविवार तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या रविवारी गेला आणि कोणी न सांगता फक्कीचा डबा उचलला. पहिली रेघ वाकडी आली. पुढे हात इतका बसला, की हळदीच्या दिवशीही तो मैदान आखून मगच पाटावर बसला. राखीनं, त्याच्या बायकोनं, हे लग्नानंतर बरेच दिवस माहेरी सांगितलं नव्हतं.

आता त्यांची मुलगी हर्षाली क्लबच्या मुलींच्या संघात पुढच्या फळीत खेळत होती.

जानेवारीतल्या त्या रविवारी असं धुकं उतरलं होतं, की संतोष रेघ मारत पुढे जाई आणि मागची रेघ पुसल्यासारखी नाहीशी होई. मैदानाला कुठे शेवटच नाही, असं त्याला वाटत राहिलं. चालत राहिलो तर थेट लहानपणी पाहिलेल्या देवळ्याच्या शिवारात जाऊन पोचू, असंही वाटलं. मोतीबिंदूनं डोळे गेलेले अण्णा पलीकडच्या गोलामागे खुर्ची टाकून बसले होते. आज सगळ्यांनाच त्यांच्याइतकं दिसत होतं.

लाइनमन आला नव्हता, म्हणून रेफरीनं झेंडा संतोषच्या हातात दिला. सामना सुरू झाला. मुली धुक्यातून निघायच्या, चार पावलं रंगीत दिसायच्या आणि पुन्हा विरघळून जायच्या. संतोष आवाजाच्या मागं मागं धावत होता. शेवटच्या मिनिटांत हर्षाली त्याच्यासमोरून गेली, चेंडू तिच्या पायाला चिकटल्यासारखा. मग फक्त फटका ऐकू आला, पाठोपाठ अण्णांच्या बाजूच्या गोलखांबाचा एक टणत्कार आणि मग मुलींचा गलका.

चेंडू जाळीमागच्या गवतात सापडला. जाळी जुनी, जागोजागी फाटलेली; आतून गेला की बाहेरून, काही कळेना. रेफरी संतोषपाशी आला. हर्षाली थोड्या अंतरावर उभी होती, गुडघ्यांवर हात टेकून.

संतोषला तो चेंडू आत जाताना दिसत होता, अगदी स्वच्छ, पण मनात. तो म्हणाला, ‘‘मला दिसलं नाही.’’

गोल दिला गेला नाही. सामना बरोबरीत सुटला.

नंतर अण्णांच्या खुर्चीपाशी बसून हर्षाली बूट काढत होती. अण्णा म्हणाले, ‘‘खांबाच्या आतल्या अंगाला लागून गेला, पोरी. आवाज वळखतो मी. गोल व्हता.’’

‘‘मग तेव्हा का नाही बोललात?’’

‘‘मला कुनी इचारलं नाय.’’

संतोष खाली बघत झेंडा गुंडाळत राहिला. मग त्यानं मुलीला विचारलं, मी हो म्हणायला हवं होतं का?

हर्षालीनं त्याच्याकडे पाहिलं. ‘‘दिसलं नव्हतं ना तुम्हाला, पप्पा?’’

‘‘नाही.’’

‘‘मग झालं तर.’’ तिनं बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, जोडी खांद्यावर टाकली आणि आजोबांना उठायला हात दिला.

राखी चहा घेऊन आली होती; दोघं तो प्यायला झाडाखाली तिच्याकडे गेली. संतोष मात्र तिथेच रेंगाळला. उन्हाची तिरीप आली आणि धुकं वर सरकू लागलं. आधी गवत दिसलं, मग आडवा खांब, मग पार त्या टोकाला एकटीच चेंडू उडवत असलेली समोरच्या संघाची एक मुलगी. चेंडू तिच्या पायावरून उठायचा आणि आवाज जरा उशिरानं यायचा. चहा निवतोय म्हणून राखीनं दोनदा हाक मारली. त्याला ऐकू आली, पण तो आणखी थोडा वेळ बघत उभा राहिला.