गुडघेवाल्याची शेवटची कुस्ती

जपानमध्ये सुमोच्या दुसऱ्या वर्गातील कुस्त्या दुपारी सुरू असतात, तेव्हा अंबडमध्ये सकाळचे अकरा वाजत आलेले असतात. ही वेळ मला फार सोयीची ठरली. तोवर वडिलांचे अंग पुसून, कपडे बदलून, त्यांना न्याहारी देऊन झालेली असते आणि दुपारच्या स्वयंपाकाला थोडा अवकाश असतो.

मी या खेळाकडे फार उशिरा आले. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसे, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नसे. निवृत्तीच्या सुमारास, गुरुत्वमध्य समजावणाऱ्या चित्रफिती शोधताना एक सुमोची कुस्ती समोर आली. दोन प्रचंड देह, एक धडक, आणि मी श्वास घेईपर्यंत निकाल. ती मी पुन्हा पाहिली, मग तिच्या शेजारची पाहिली. पुढे परदेशी चाहत्यांच्या एका इंग्रजी गटात शिरले. तेथील लोक तरुणपणापासून हा खेळ पाहणारे. त्यांचे सारे वाचायचे आणि स्वतः काही लिहिले की पाठवण्याआधी पुसून टाकायचे, अशी माझी चाहती म्हणून कारकीर्द आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. जांब समर्थच्या बाजूला आमचे गाव. तेथे त्यांची तालीम होती आणि आसपासच्या गावांत ते वस्ताद म्हणूनच ओळखले जात. भावाला त्यांनी बळजबरीने मातीत उतरवले. त्याला कुस्तीचा कंटाळा होता. तो पुण्याला निघून गेला. मला कंटाळा नव्हता, पण तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचे नसे. पक्षाघाताने आबांची डावी बाजू गेली, तेव्हा भावाच्या इमारतीत लिफ्ट नाही असे निघाले आणि आबा माझ्याकडे आले. वाचा मात्र शाबूत राहिली. ती थोडी गेली असती तर बरे झाले असते, असे मला कधी कधी वाटले आहे.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. हिला कुस्ती कळते, एवढे त्यांनी एकदा म्हणावे. माझ्या तोंडावर न म्हणता दुसऱ्या कोणाला सांगितले असते तरी मला पुरले असते. डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची शक्यता बोलून दाखवली होती, त्यामुळे ही गोष्ट मिळायची तर लवकर मिळायला हवी होती.

म्हणून मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि त्यांच्या पलंगाची पाठ उचलून दिली.

“हे काय करून राह्यले?” मल्लाने मूठभर मीठ रिंगणात उधळले तेव्हा त्यांनी विचारले. “कणीक मळायची का यांना?”

“जागा शुद्ध करतात, आबा.”

“आन् आंगावर कपडा न्हाई, नुसतं चरबीचं दुकान. असल्याला तर म्या तालमीच्या दारात उभं केलं नसतं.”

पहिल्या कुस्तीत एकाचा हात निसटता मातीला टेकला आणि पंचाने दुसऱ्याला विजयी केले. आबा खवळले.

“पाठ कुठं लागली? पाठ लागली न्हाई तर हारला कसा?”

“इथे तळपायाखेरीज काहीही टेकले की हार. रिंगणाबाहेर पाऊल पडले तरी हार.”

“मंग ही कुस्ती न्हाई, आट्यापाट्या हायेत. बंद कर.”

मी बंद केले नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच त्यांनी टीव्हीकडे मान वळवून ठेवली होती. आठवड्याभरात त्यांचा एक मल्लही ठरला. वय झालेला, उजव्या गुडघ्याला जाड पट्ट्या बांधलेला, एके काळी वरच्या वर्गात असलेला आणि आता दुसऱ्या वर्गाच्या तळाशी घसरलेला. त्याला ते गुडघेवाला म्हणत. सुमोत दुखापतीला सूट नाही. जो घरी बसतो तो खाली घसरतो, आणि जो दुखावलेल्या पायाने उतरतो तोही बहुधा घसरतोच, फक्त लोकांसमोर. आमच्या गटात गुडघेवाल्याविषयी लोक आता फक्त विनोद करत.

मी आबांना हळूहळू सांगू लागले. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. ज्याचा तळवा मातीवरून सुटला तो गेला असे समजावे. धडकेआधी दोन्ही मुठी टेकतात, तेव्हा वजन मुठीवर आहे की टाचेवर, ते पाहावे. मी कोण जिंकणार ते आधी सांगत असे आणि पुष्कळदा तेच होई.

“अंदाज बसला,” आबा म्हणत. “कोंबडी बी कधी कधी बराबर दाणा टिपती.”

मग एक दिवस माझ्याकडून चूक झाली. शांतता फार झाली होती, काहीतरी बोलावे म्हणून मी सांगून बसले की त्या मातीच्या चौथऱ्यावर, त्याला ते दोह्यो म्हणतात, बाईला चढायला आजही मनाई आहे.

आबांचा चेहरा उजळला. झटका आल्यापासून त्यांचा अर्धा चेहरा हसत नसे. त्या दिवशी उरलेल्या अर्ध्याने दोन्हींचे काम केले.

“आजून बी?”

“हो.”

“एवढे शिकले, एवढ्या मोटारी बनवल्या, तरी?”

“हो, आबा.”

“बिलकुल बराबर. शाणे लोक हायेत.” थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा म्हटले, “म्या उगंच नावं ठेवली. ही खरी कुस्ती हाये.”

माझ्या इतक्या दिवसांच्या समजावण्याने जे झाले नव्हते, ते एवढ्या एका माहितीने झाले.

ही स्पर्धा पंधरा दिवस चालते. तिच्या शेवटच्या शनिवारी त्यांचे दोन जुने चेले भेटायला आले. एक जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यावर पहारा करतो, दुसरा गावीच मेंढरे राखतो. दोघांनी आबांच्या पायांना हात लावला, त्यातल्या डाव्या पायाला तो लागल्याचे कळलेही नसेल. आबांनी मला टीव्ही लावायला सांगितला आणि शिकवायला सुरुवात केली. तळवा सुटला की गेला. वजन मुठीवर हाये का टाचेवर, ते बघा. माझी वाक्ये होती. फक्त ती आता शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होती.

“वस्तादाची नजर ती वस्तादाचीच,” मेंढपाळ म्हणाला. “हे पांढऱ्या मिठाचं खूळ तुम्हाला दावलं कुणी पण?”

“पोरानं. पुण्याहून लावून देल्तं त्यानं.”

टीव्ही भावाने घेऊन दिला होता, हे खरे आहे.

“मला वाटलं ताई बघत असतील.”

“ती? तिला काय कळतंय त्यातलं. च्या चांगला करती.”

मी चहा घेऊन दारात उभी होते. पडद्यावर एक अवाढव्य मल्ल आणि एक लहानखुरा समोरासमोर बसले. “मोठा खाऊन टाकतो बघा आता त्याला,” आबा म्हणाले. लहानखुऱ्याच्या मुठी मातीला केवळ शिवल्या होत्या; वजन सारे टाचांवर. मी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बैठकीत न विचारता बोलले.

“मोठा पडेल. लहान बाजूला सरकणार आहे.”

लहान बाजूला सरकला. मोठा रिकाम्या हवेवर धडकून तोंडावर पडला.

मग पहारेकरी मांडीवर थाप मारून हसला. “वस्ताद! ताईंनं तर तुम्हालाच आस्मान दावलं की!” मेंढपाळालाही हसू आवरेना. मी ट्रे खाली ठेवायला विसरले. मला वाटले, आता. आता म्हणतील.

आबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

“सकाळीच बघून ठिवली असल तिनं,” ते म्हणाले. “रेकॉर्ड असतंय हे.”

“हां, मंग बराबर,” पहारेकरी म्हणाला, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर जी सुटका दिसली ती मला आबांच्या वाक्याहून अधिक लागली.

“हे थेट आहे,” मी म्हणाले. कोणाला ऐकू गेले नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. गुडघेवाला जिंकला तर दुसऱ्या वर्गात टिकणार होता, हरला तर तिसऱ्यात जाणार होता. अकरा वाजत आले तेव्हा आबा म्हणाले, “मला कूस बदलून दे. भिंतीकडं.”

मी त्यांच्या पाठीखाली हात घातला, वजन माझ्या कमरेवर घेतले आणि त्यांना भिंतीकडे वळवले. मग खुर्चीवर बसले, आवाज बंद केला आणि एकटीने पाहिले.

बऱ्याच वेळाने भिंतीकडून प्रश्न आला. “त्याचं काय झालं?”

“कोणाचे?”

“माहीत हाये तुला.”

“हरला.”

“कसा?”

मला एका शब्दात सांगता आले असते. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि स्पष्ट आवाजात, वर्गात कधी जमले नाही तशी, सुरुवात केली. धडक चांगली बसली होती. त्याने समोरच्याचा कमरपट्टाही धरला होता. समोरच्याने त्याला ढकलले नाही, नुसते थांबवून धरले, कारण गुडघा किती वेळ तग धरेल हे त्याला ठाऊक होते. आधी उजवी टाच सुटली. मग पाय आत वळला, जसा वळायला नको तसा.

“कोनता पाय?”

“सांगितले ना, उजवा.”

“मंग?”

“मग समोरच्याने एक बोट लावावे तेवढा धक्का दिला. तो खाली बसला आणि उठता येईना. खाली उतरताना दोघांनी धरले. तरी हरलेल्याने वाकायचे असते, म्हणून तो वाकला.”

मी जे सांगितले त्यातला एकही शब्द त्यांनी खोडून काढला नाही. खोडायला त्यांच्याजवळ स्वतःचे काही पाहिलेले नव्हते.

“बास,” ते शेवटी म्हणाले.

मी थांबले नाही. तिसऱ्या वर्गात पगार नसतो, हे मी त्यांना सांगितले. स्वतंत्र खोली जाते, दिमतीला असलेली पोरे जातात. ज्यांनी काल आपली पाठ चोळली, त्यांच्यासारखेच आता दुसऱ्याचे करावे लागते. अंघोळीला, जेवायला, सगळ्याला इतरांचे आटोपेपर्यंत थांबून राहावे लागते.

“बास म्हनलं ना.”

“आणि त्या वयात,” मी म्हणाले, “वर कोणी परत येत नाही, आबा.”

त्यांना पाणी हवे होते. ते मी सगळे सांगून झाल्यावर दिले.