गाठी सोडलेली जागा

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवरचे अर्धेअधिक अनुभव मी जेवताना हसायला वाचतो. बी.एस्सी. झालोय, घर ब्रह्मपुरीला, आणि भुताखेतांशी माझा संबंध एवढाच. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

गोंडपिपरीजवळ झाडं लावण्याच्या एका कामावर मी कंत्राटी सुपरवायझर आहे. जागा म्हणजे गावाबाहेरचं, छातीइतक्या गवताचं मोठं मैदान; आधी ते ट्रॅक्टरने साफ करायचं होतं. सर्व्हेचा फॉर्म मीच भरला होता. जमिनीचा प्रकार — रिकामी, पडीत. वन्यजीव — निरंक. जिथे धड एक झाड नाही तिथे असून असून काय असणार... असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

पर्वताबाई म्हणून गावातल्या साठीच्या एक बाई दर हिवाळ्यात तिथे छपरासाठी गवत कापायला यायच्या. गेल्या वर्षी डिसेंबरात त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. एका जागी गवताचे शेंडे चारही बाजूंनी एकमेकांत गाठ मारून ठेवलेले. खाली जमिनीवरच, दबलेल्या गवतात, एक घुबड बसलेलं. बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड. आमच्याकडे बघत ते जरासं सरकलं, तेव्हा पोटाखालची चार अंडी दिसली.

"घुबड तर झाडावर राहतं ना बाई?"

"हे गवतातलंच हाये भाऊ. माही सासूबी अशीच गाठ मारे. गाठ दिसली का तिथी कोनी विळा नाई लावत. तुमच्या ट्रॅक्टरवाल्याले तेवढं सांगजा."

सांगतो म्हणालो. शब्द दिला.

दोन दिवसांनी साहेबांचा दौरा होता. गाठी दिसल्या तर कोणीतरी जागेवर हक्क सांगतंय, अतिक्रमण आहे असं होईल आणि काम अडकेल, या भीतीने सकाळी मी त्या स्वतःच्या हातांनी सोडल्या. वाटलं, संध्याकाळी परत बांधू. साहेबांना घेऊन जेवायला गोंडपिपरीला गेलो. ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं राहूनच गेलं... राहून गेलं म्हणजे, सांगितलंच नाही. परत आलो तेव्हा ती जागा सपाट झाली होती. अंड्यांच्या टरफलांसोबत पिसंही होती. ती मादी अंड्यांवरून उठलीच नव्हती. मी पायाने माती ओढली आणि कोणाला काही बोललो नाही.

उन्हाळ्यात खड्डे झाले, पावसाळ्यात सागाची रोपं लागली. नेमक्या त्या जागच्या खड्ड्यातलं रोप आठ दिवसांत सुकलं. दुसरं लावलं, तेही गेलं. उपटून हात घातला तर आत माती गरम! वरून पाऊस, शेजारच्या खड्ड्यांतली माती गारढोण. म्हटलं शेणखत कच्चं असेल, ते तापतं. सगळा खड्डा उपसून नुसती नदीची माती भरली. चार दिवसांनी पुन्हा तेच. चटका बसावा इतकं गरम नाही... अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातल्यावर लागतं तेवढंच. मजुरांनी हात घालून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या ओळीत कोणी जाईना.

या डिसेंबरात शेवटी पर्वताबाईंना घेऊन गेलो. सकाळची वेळ, सगळीकडे दहिवर. त्यांना सगळं सांगितलं, गाठींसकट. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खाली बसून त्यांनी खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"थे अजून बसूनच हाये भाऊ," त्या म्हणाल्या. "पिल्लं निघाल्याबिगर कशी उठन?"

मग उठल्या आणि सवयीने गाठ मारायला आजूबाजूला गवत शोधायला लागल्या. सागाच्या ओळींशिवाय तिथे काही नव्हतं. मला रडू आलं, लपवत नाही.

आजही ती माती गरम आहे. का, ते मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर लिहा, मी जेवताना वाचणार नाही. दर महिन्याला फॉर्म मात्र येतो. वन्यजीवच्या रकान्यापाशी हात थांबतो... पण नोकरी टिकवायची असते, म्हणून लिहितो — निरंक.