सहीपुरत्या आमदार

मिरजेतला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्याची बातमी आली, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली. माझे थोरले दीर कित्येक वर्षं नगरसेवक व्हायची तयारी करत होते. तयारी म्हणजे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, लोकांच्या लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची आणि स्वतःच्या वाढदिवसाला चौकात स्वतःचाच फलक. एवढे कष्ट वाया कसे घालवायचे? म्हणून त्यांनी माझ्या जाऊबाईंना उभं केलं.

जाऊबाईंना मी अक्का म्हणते. माहेर पलूसचं, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, "आवं, मला त्यातलं काय कळतंय?"

"तुला कळायला कशाला पायजे? तू सही कर. बाकीचं मी हाय की."

फलकावर भावजी माणसाएवढे आणि अक्का पासपोर्टच्या फोटोएवढ्या. लोकांनी अक्कांना निवडून दिलं आणि भावजींनी महिनाभर हार घालून घेतले. सभेलाही तेच जायचे. अक्का घरी कागदांवर सह्या करायच्या. फक्त सही करायच्या आधी कागद वाचायची त्यांना खोड होती, आणि भावजींना ती लय उशिरा कळली.

एका उन्हाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. वॉर्डातल्या बायका कळश्या घेऊन दारात आल्या. भावजी नेहमीप्रमाणे समाजकार्यात, म्हणजे साताऱ्याला एका पुढाऱ्याच्या पुतण्याच्या साखरपुड्यात होते. अक्कांनी चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चल गं." पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या टेबलावर त्यांनी पेला ठेवला, त्यात नळाचं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "घ्या साहेब, ऊन लय हाय." साहेब पेल्याकडं बघत बसले. अक्काही समोर बसून राहिल्या. दुपारपर्यंत फुटलेली जलवाहिनी सापडली.

त्यानंतर लोक दारात येऊन भावजींना विचारू लागले, "बाई हायती का?"

पुढं विधानसभा आली. पक्षाचे मोठे नेते घरी आले. भावजींनी नवा सदरा घातला होता. नेत्यांनी त्यांच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "जरा वहिनींना बोलवा. तिकिटाचं बोलायचंय."

अक्का आमदार झाल्या. सभागृहात बोलायला वेळ मिळायचा तो बहुतेक सगळे जेवायला गेल्यावर. तरी त्यांनी एकच विषय लावून धरला. मिरजेच्या दवाखान्यांत लांबून येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा हवी. साडेतीन वर्षं त्या कागदामागे फिरल्या, तेव्हा कुठं निवारा उभा राहिला. उद्घाटनाच्या पाटीवर जागेला कधी पाय न लावलेल्या पाच मान्यवरांची नावं होती. अक्कांचं सहावं. खाली 'संकल्पना' असं लिहून भावजींचं. संकल्पना कधी सुचली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिकीट दिलं ते त्याच सकाळी पक्षात आलेल्या एका निष्ठावंताला. अक्कांना महामंडळ देऊ म्हणाले. त्यांनी नको म्हटलं आणि अपक्ष अर्ज भरला. भावजींपुढं मोठा वैचारिक प्रश्न उभा राहिला, आणि तो त्यांनी चहा गार व्हायच्या आत सोडवला. पक्षशिस्त म्हणून ते निष्ठावंताच्या प्रचाराला लागले.

ते तीन आठवडे आमच्या दारातून दोन जीपगाड्या दोन दिशांना निघायच्या. भावजी भाषणात म्हणायचे, "अपक्षाला मत म्हणजे वाया." मग घरी येऊन अपक्षाच्या हातची भाकरी खायचे. वर म्हणायचे, "आमटीत मीठ कमी हाय."

अक्का पडल्या. निष्ठावंतही पडला, तिसराच कुणी निवडून आला. निकालाच्या संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी विचारलं, "अक्का, भावजींचा राग न्हाई येत?"

त्यांनी बाहेर पाहिलं. भावजी ओट्यावर कुणाला तरी सांगत होते, की दोन्हीकडच्या पराभवाचं विश्लेषण फक्त त्यांच्याकडंच आहे.

"राग कशाला गं," अक्का म्हणाल्या, "पाच वर्षं बिनकामाचं बसलं होतं. तेवढंच तीन आठवडे घराबाहेर तरी पडलं."