चार इंजिनिअर आणि भिंतीतली सॉकेट्स

चार मराठी माणसं परदेशात एका घरात राहिली की भांडी कमी आणि किस्से जास्त साठतात. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आम्ही चौघं होतो: शिरीष, प्रदीप, नितीन आणि मी. चौघंही बी.ई. इलेक्ट्रिकल, चौघंही सॉफ्टवेअरमध्ये. साधा बल्ब गेला तरी आमची आधी मीटिंग व्हायची.

*

शिरीषचा चार्जर पुण्याचा, दोन पिनांचा. इथल्या सॉकेटला वर तिसरं भोक. त्यात काहीतरी खुपसल्याशिवाय खालची दोन उघडत नाहीत. शिरीषने तिथे पेनचं टोपण कायमचं ठोकून दिलं होतं. घर बघायला आलेल्या मालकीणबाईंनी हे काय म्हणून विचारलं.

"किल्ली," शिरीष शांतपणे म्हणाला.

*

पुढे नवे नियम आले. मालकीणबाईंनी करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच बसवून घेतला. प्रदीपने नागपूरहून आणलेली पंधरा वर्षं जुनी इस्त्री लावली की सगळं घर बंद! प्रदीपच्या मते स्विचच खराब होता. इलेक्ट्रिशियन कॉलिनने इस्त्रीला मीटर लावला आणि दोन पावलं मागे सरकला. ही पंधरा वर्षं वापरलीत कशी, असं त्याने विचारलं.

"लाकडी पाटावर उभं राहून," प्रदीप म्हणाला. "तुमच्याकडे पाट नसतात?"

*

नितीन अमेरिका करून आलेला. तिथे बेडरूमच्या सॉकेटना ठिणगी ओळखून वीज तोडणारं यंत्र सक्तीचं आहे, मग इथे का नाही, म्हणून त्याने कॉलिनला अर्धा तास पिडलं. कॉलिनने चहा संपवला.

"इथे सक्ती नाही, म्हणजे ठिणगीही नाही," म्हणाला आणि वायरिंग सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटवर सही करून गेला.

*

मग नितीनची आई आली. त्याच्याच बेडरूममध्ये हीटर लावून राहिली. रविवारी दुपारी अंथरूण उचलून बाहेर आली. "त्या भिंतीला वास येतोय. मी तिथे झोपणार नाही."

आम्ही चौघांनी समजावलं. सर्टिफिकेट दाखवलं. नितीनने कागदावर सर्किट काढलं. तिने सगळं ऐकून घेतलं, जाऊन प्लग उपसला आणि हॉलमध्ये येऊन बसली. खोटं कशाला सांगू, मी चिडलोच होतो. शेवटी कॉलिनला बोलावलं.

त्याने सॉकेट उघडलं. मागे वायर सैल, प्लास्टिक जळून काळं आणि भिंतीतलं लाकूडही करपलेलं. नितीनने सर्किटचा कागद घडी करून खिशात घातला.

दोन वर्षांनी नितीनने स्वतःचं घर घेतलं आणि तपासणीसाठी कॉलिनलाच फोन केला. कॉलिनने एवढंच विचारलं, "तुझी आई कधी येतेय? तेव्हाची तारीख देतो."